रसायनशास्त्रातील सममिती व गट सिद्धांत

एखाद्या वस्तूवर विशिष्ट क्रिया केल्यानंतर (उदा., ती एखाद्या अक्षाभोवती ठराविक कोनातून फिरविल्यानंतर किंवा एखाद्या प्रतलात तिचे आरशातल्याप्रमाणे परावर्तन केल्यानंतर) ती वस्तू पूर्वीसारखीच दिसत असेल, तर तिच्या ठिकाणी सममिती आहे असे म्हणतात व त्या क्रियेला सममिती क्रिया म्हणतात. रेणू, आयन व स्फटिक यांच्या सममिती क्रियांचा अभ्यास गणितातील गट सिद्धांताच्या साहाय्याने करता येतो. रेणूविषयीचे समीकरण न सोडविताही त्याचे किती समघटक (रेणुसूत्र तेच पण अणूंची मांडणी वेगळी असलेली संयुगे) संभवतात, त्याच्या वर्णपटात किती रेषा दिसतील आणि कोणत्या दिसणारच नाहीत, हे या पद्धतीने सांगता येते. रसायनशास्त्रज्ञांनी सममितीचा उपयोग गट सिद्धांताचे नाव ऐकण्याच्या कितीतरी आधीपासून केला होता. नाव कळल्यानंतर मात्र तो सिद्धांत आपल्या विषयात खरोखर आवश्यक आहे की केवळ गणितज्ञांचे अवडंबर आहे, याविषयी त्यांच्यात व भौतिकीविज्ञांत बराच काळ मतभेद होते.

पाण्याचा रेणू हे सोपे उदाहरण होय. यातील ऑक्सिजनाचा अणू मध्ये व हायड्रोजनाचे दोन अणू कोन करून दोन बाजूंना असतात. या कोनाच्या दुभाजकाभोवती रेणू १८०° तून फिरविल्यास दोन्ही हायड्रोजन परस्परांच्या जागी जातात व रेणू पूर्ववत दिसतो. ज्या प्रतलात तिन्ही अणू आहेत ते एक आणि त्याला लंब असून दुभाजकातून जाणारे दुसरे, अशी दोन परावर्तन प्रतलेही येथे आहेत. ‘काहीही न करणे’ ही एकक क्रिया धरून एकूण चार क्रिया होतात. यांपैकी कोणत्याही दोन क्रिया एकापाठोपाठ केल्या, तर येणारा परिणाम या चारांपैकीच एखाद्या क्रियेचा असतो. उदा., प्रथम परिभ्रमण व नंतर एका प्रतलातील परावर्तन केल्यास दुसऱ्या प्रतलातील परावर्तनाचा परिणाम मिळतो. प्रत्येक क्रियेला तिचा परिणाम नाहीसा करणारी व्यस्त क्रियाही याच संचात असते. अशा प्रकारे स्वतःत पूर्ण असलेल्या संचाला गणितात गट म्हणतात. अमोनियाच्या (स्थिर आकाराच्या) गटात ६, मिथेन व बेंझीन यांच्या गटांत प्रत्येकी २४, तर नियमित अष्टफलकाच्या गटात ४८ क्रिया असतात.

सममितीचा पद्धतशीर विचार प्रथम झाला तो स्फटिकांच्या संदर्भात. फ्रेंच खनिजवैज्ञानिक रने झ्यूस्त आउई (१७४३–१८२२) यांनी १७८४ मध्ये स्फटिक हे एकाच आकाराच्या अतिसूक्ष्म ठोकळ्यांच्या नियमित रचनेतून बनतात, अशी उपपत्ती मांडली. १८३० मध्ये जर्मन वैज्ञानिक योहान हेसेल (१७९६–१८७२) यांनी स्फटिकांच्या बाह्य आकारात सममितीचे केवळ ३२ वर्ग संभवतात, असे दाखविले. हे कार्य इतके दुर्लक्षित राहिले की, तोच निष्कर्ष १८६७ मध्ये आक्सेल गाडोलिन यांना स्वतंत्रपणे पुन्हा काढावा लागला. ओग्यूस्त ब्राव्हे यांनी १८५० मध्ये १४ प्रकारचे जालक वर्णिले आणि १८९१ मध्ये रशियात येवग्राफ फ्योदोरॉव्ह व जर्मनीत आर्टुर शनफ्लाइस यांनी अवकाशातील नियमित रचनांचे २३० गट सिद्ध केले. क्ष-किरणांनी स्फटिकाचे अंतरंग दिसू लागण्यास तेव्हा अजून दोन दशकांहून अधिक काळ होता. निसर्गात अणूंच्या मांडणीचे कोणते प्रकार असू शकतात याची यादी प्रत्यक्ष मांडणी कोणी पाहण्यापूर्वीच तयार झाली होती. शनफ्लाइस यांची चिन्हे रसायनशास्त्रज्ञ आजही रेणूंसाठी वापरतात [⟶ स्फटिकविज्ञान].

स्फटिकांकडून रेणूंकडे जाणारा पूल ल्वी पाश्चर (१८२२–९५) यांनी १८४८ मध्ये बांधला. द्राक्षांपासून मद्य करताना मिळणाऱ्या टार्टारिक अम्लाचा विद्राव ध्रुवित प्रकाशाचे प्रतल फिरवितो. परंतु तेच रासायनिक संघटन असलेले रॅसेमिक अम्ल तसे करीत नाही. या दुसऱ्या अम्लाच्या सोडियम अमोनियम लवणाचे स्फटिक पाहताना पाश्चर यांना त्यात दोन प्रकार आढळले. त्यांच्यावरील लहान पैलू एकात उजवीकडे, तर दुसऱ्यात डावीकडे झुकलेले होते. हे दोन प्रकार वस्तू व तिची आरशातील प्रतिमा यांसारखे होते. त्यांनी ते चिमट्याने वेगळे केले. एका राशीचा विद्राव प्रकाशाचे प्रतल उजवीकडे, तर दुसरीचा तितकेच डावीकडे फिरवीत होता. हे लवण सु. २७° से. पेक्षा कमी तापमानालाच अशा दोन वेगळ्या स्फटिकांच्या रूपात बाहेर पडते. पॅरिसच्या हवामानाचे साहाय्य नसते, तर चिमट्याला काम मिळाले नसते. तथापि विद्रावात स्फटिक उरत नाही, तरीही परिणाम टिकतो. तेव्हा असममिती रेणूतच असली पाहिजे, हे अनुमान मात्र हवामानाने सुचविलेले नव्हते.

पाश्चर यांच्या या अनुमानाला १८७४ मध्ये भूमितीय रूप मिळाले. याकोबस व्हांट हॉफ (१८५२–१९११) व झोझेफ आशील ल बेल यांनी एकमेकांस अज्ञात असताना कार्बनाचे चार बंध एका प्रतलात नसतात, असे प्रतिपादन केले. मिथेनातील दोन हायड्रोजनांच्या जागी दोन क्लोरीन अणू घातल्यास चौरसाकृती रचनेत दोन समघटक मिळावयास हवेत; चतुष्फलकात एकच मिळतो. प्रत्यक्षात एकच ज्ञात होता. व्हांट हॉफ यांनी चतुष्फलकाचे चित्र पुढे ठेवले. ल बेल यांचा युक्तिवाद मात्र कोणत्याही ठराविक आकारावर अवलंबून न राहता सरळ सममितीवरून केलेला होता. आजच्या दृष्टीने तो अधिक आधुनिक वाटतो, पण चित्र लवकर पटते आणि म्हणून पाठ्यपुस्तकांत चतुष्फलकच राहिला.

समघटकांची अशी मोजणी हे रेणूंची रचना ठरविण्याचे त्या काळातील मुख्य साधन होते. त्याचा सर्वांत धैर्याने उपयोग केला तो आल्फ्रेट व्हेर्नर (१८६६–१९१९) यांनी. कोबाल्टाच्या अमोनियायुक्त संयुगांत मध्यवर्ती धातूभोवती सहा गट असतात, असे त्यांनी १८९३ मध्ये मांडले. हे सहा गट सपाट षट्कोनात, त्रिकोणी प्रचिनाच्या कोपऱ्यांवर किंवा अष्टफलकाच्या शिरोबिंदूंवर असू शकतील. चार अमोनिया व दोन क्लोरीन असल्यास पहिल्या दोन मांडण्यांत प्रत्येकी तीन समघटक संभवतात, तर अष्टफलकात दोनच. हिरवे संयुग ज्ञात होते; जांभळे व्हेर्नर यांना १९०७ मध्ये मिळाले; तिसरे कधीच सापडले नाही. विरोधकांचे म्हणणे असे की, न सापडणे हा पुरावा नव्हे, आणि ते तर्काला धरून होते. म्हणून व्हेर्नर यांनी अष्टफलकातून निघणारे दुसरे भाकीत हाती घेतले. अशा काही संयुगांचे आरशातील प्रतिमेसारखे दोन प्रकार असावयास हवेत. ते १९११ मध्ये प्रत्यक्ष वेगळे करण्यात आले. त्यावरही, हा गुण संयुगातील कार्बनी गटांमुळे येत असेल, अशी शंका घेण्यात आली. १९१४ मध्ये व्हेर्नर यांनी कार्बनाचा एकही अणू नसलेले तसे संयुग तयार करून ती शंका मिटविली. त्यापूर्वीच, १९१३ मध्ये, त्यांना नोबेल पारितोषिक मिळालेले होते. या सर्व विवेचनात ‘गट’ हा शब्द गणितीय अर्थाने एकदाही येत नाही. युक्तिवाद मात्र पूर्णपणे गट सिद्धांताचा आहे.

ज्या गणिताची येथे गरज होती ते वेगळ्याच प्रश्नातून जन्मले होते. समीकरणे मूळ काढून सोडविता येतात की नाही याचा विचार करताना एव्हारीस्त गाल्वा (१८११–३२) यांनी गटाची कल्पना मांडली. वयाच्या विसाव्या वर्षी द्वंद्वयुद्धात त्यांचा मृत्यू झाला व त्यांचे लेखन १८४६ मध्ये प्रसिद्ध झाले. आर्थर केली (१८२१–९५) यांनी १८५४ मध्ये गटाची अमूर्त व्याख्या दिली. केली यांनीच पुढे हायड्रोकार्बनांच्या समघटकांची संख्याही मोजण्याचा प्रयत्न केला, पण ती मोजणी त्यांनी गटांवरून केली नाही. दोन्ही धागे त्यांच्या हाती असूनही त्यांची गाठ पडली ती १९३७ मध्ये, जॉर्ज पोल्या यांच्या प्रबंधात. पोल्या यांच्या रीतीचे बीज लहान उदाहरणात दिसते. बेंझिनाच्या सहा कार्बनांपैकी दोहोंवर क्लोरीन बसविण्याचे १५ मार्ग आहेत. परंतु फिरवून किंवा उलटवून त्यांतील अनेक एकच ठरतात. षट्कोनाच्या १२ क्रियांपैकी प्रत्येक क्रियेने यांतील किती मांडण्या जशाच्या तशा राहतात ते पाहावयाचे. एकक क्रियेने १५, अर्ध्या फेऱ्याने ३, सहा अक्षांभोवती उलटविण्याने प्रत्येकी ३ म्हणजे १८ आणि इतर चार परिभ्रमणांनी एकही नाही. बेरीज ३६ होते व तिला १२ ने भागल्यास ३ येतात. ऑर्थो, मेटा व पॅरा हे तीन समघटक हेच होत.

पुंजयामिकीच्या उदयानंतर प्रश्नाचे स्वरूप पालटले. आता केवळ अणूंच्या जागा नव्हे, तर इलेक्ट्रॉनांच्या अवस्थाही सममितीच्या आधाराने वर्गीकृत करता येतील, हे स्पष्ट झाले. यात अग्रभागी असलेले यूजीन पॉल विग्नर (१९०२–९५) शिक्षणाने रासायनिक अभियंता होते. बर्लिन येथे डॉक्टरेट मिळविल्यावर ते काही काळ बूडापेस्ट येथे कातडी कमावण्याच्या कारखान्यात काम करीत होते. पुन्हा बर्लिनला आल्यावर स्फटिकवैज्ञानिक कार्ल वायसेनबेर्ख यांच्या हाताखाली काम करताना, स्फटिकातील अणू सममिती अक्षांवर किंवा प्रतलांवर का आढळतात, हा प्रश्न त्यांच्यापुढे आला. जॉन फॉन नॉयमान या मित्राने त्यांना फ्रोबेनियस व शूर यांचे लेखन वाचण्यास सुचविले. फ्रोबेनियस यांनी १८९६ पासून विकसित केलेल्या ‘लक्षण’ या संकल्पनेत विग्नर यांना हवे ते आयते सापडले. एखादी क्रिया सदिशांच्या संचावर कशी परिणाम करते ते आव्यूहाने दर्शवितात व त्या आव्यूहाच्या कर्णावरील संख्यांच्या बेरजेला लक्षण म्हणतात. प्रत्येक गटाची अशी मोजकीच मूलभूत प्रतिरूपणे असतात आणि रेणूची कोणतीही अवस्था किंवा कंपन त्यांपैकी एखाद्या प्रकारात बसलेच पाहिजे.

या नव्या भाषेचे स्वागत सर्वत्र झाले नाही. हेर्मान व्हाइल यांचा ग्रंथ १९२८ मध्ये व विग्नर यांचा १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु अनेक भौतिकीविज्ञांनी या प्रकाराला ‘गटांची साथ’ असे उपरोधिक नाव दिले. १९२९ मध्ये जॉन स्लेटर यांनी अनेक इलेक्ट्रॉनी अणूंचा प्रश्न निर्धारकांच्या (डिटर्मिनंटांच्या) साहाय्याने, गट सिद्धांत टाळून, सोडविला तेव्हा पुष्कळांनी सुटकेचा निःश्वास टाकला. अणूंच्या बाबतीत ती सुटका खरी होती. रेणूंच्या बाबतीत ती मिळाली नाही. कारण तेथे पर्यायी मार्गाने तेच उत्तर काढण्यास बरीच अधिक आकडेमोड लागते.

विग्नर यांनी १९३० मध्ये रेणूंच्या कंपनांवर लिहिलेल्या निबंधाने हे दिसून आले. मिथेनाची नऊ कंपने असतात. परंतु सममितीमुळे त्यांना चारच वेगवेगळ्या कंप्रता असतात. त्यांपैकी दोन अवरक्त वर्णपटात व चारही रमण वर्णपटात प्रकट होतात. ज्या कंपनात द्विध्रुव परिबल बदलते ते अवरक्त प्रकाश शोषते. ज्यात रेणूची ध्रुवणशीलता बदलते ते रमण परिणामात दिसते. रेणूला सममिती केंद्र असेल, तर एकच कंपन दोन्हीकडे दिसू शकत नाही. कार्बन डाय-ऑक्साइड हे याचे उत्तम उदाहरण आहे. दोन्ही ऑक्सिजन एकाच वेळी बाहेर जाऊन आत येतात ते कंपन फक्त रमण वर्णपटात दिसते, वाकण्याचे (६६७ प्रती सेंमी.) व असममित ताणाचे (२,३४९ प्रती सेंमी.) कंपन फक्त अवरक्तात दिसते. पाण्याच्या रेणूला असे केंद्र नसल्याने त्याची तिन्ही कंपने दोन्हीकडे दिसतात. हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांच्या रेणूंत दोन सारखेच अणू असल्याने त्यांच्या कंपनात द्विध्रुव परिबल निर्माण होत नाही. भूपृष्ठाची उष्णता अडविण्याचे काम म्हणूनच विपुल असलेल्या या वायूंकडे नसून बाष्प व अल्पांशाने असलेला कार्बन डाय-ऑक्साइड यांच्याकडे आहे. त्यातही कार्बन डाय-ऑक्साइडाच्या वाकण्याच्या कंपनाचा (तरंगलांबी सु. १५ मायक्रोमीटर) वाटा मोठा आहे.

चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या १९२८ मधील शोधामुळे या विषयात भारतीयांना आरंभापासून स्थान होते. कलकत्त्यात रामन यांच्याबरोबर काम केलेले सूरी भगवंतम् (१९०९–८९) पुढे वॉल्टेअर येथील आंध्र विद्यापीठात गेले. तेथे टी. वेंकटरायुडू यांच्या सहकार्याने त्यांनी १९३९ मध्ये स्फटिकांच्या रमण वर्णपटाचे विश्लेषण करण्याची रीत दिली. एकक कोशिकेतील सर्व अणूंचा एकत्र विचार केल्यास संपूर्ण स्फटिकाची कोणती कंपने दिसतील ते ठरविता येते, हे तिचे सार आहे. ही रीत जगभर रूढ झाली. या दोघांचा भौतिकीय प्रश्नांतील गट सिद्धांताच्या उपयोगांवरचा ग्रंथ १९४८ मध्ये आंध्र विद्यापीठाने प्रसिद्ध केला. रसायनशास्त्रज्ञाला समजेल अशा इंग्रजी पुस्तकांची तेव्हा वानवाच होती, हे लक्षात घेतल्यास या ग्रंथाचे महत्त्व अधिक जाणवते [⟶ रमण परिणाम].

हान्स बेथे (१९०६–२००५) यांनी १९२९ मध्ये स्फटिकात बसलेल्या आयनाचा विचार केला. मुक्त आयनात समान ऊर्जेचे असलेले पाच ‘डी’ कक्षक अष्टफलकी परिसरात तीन व दोन अशा संचांत विभागले जातात, हे त्यांनी केवळ सममितीवरून सिद्ध केले. धातुसंयुगांच्या रंगांचे स्पष्टीकरण यातून पुढे आले, पण रसायनशास्त्रज्ञांनी त्याकडे लक्ष देण्यास दोन दशके लागली. सममितीचा या रंगांवरील परिणाम प्रयोगशाळेतील एका साध्या वस्तूत पाहता येतो. आर्द्रता शोषण्यासाठी ठेवलेल्या सिलिका जेलमध्ये कोबाल्टाचे लवण मिसळलेले असल्यास ते कोरडे असताना गडद निळे व ओलसर झाल्यावर फिकट गुलाबी दिसते. ओलसर अवस्थेत कोबाल्टाभोवती पाण्याचे सहा रेणू अष्टफलकाकार असतात. या रचनेला सममिती केंद्र असल्याने संबंधित प्रकाशशोषण निषिद्ध असते व रंग फिका राहतो. कोरड्या अवस्थेतील चतुष्फलकी क्लोराइड आयनाला केंद्र नाही. निर्बंध सैल होतो व रंग गडद होतो.

रॉबर्ट मलिकन (१८९६–१९८६) यांनी १९३३ मध्ये मूलभूत प्रतिरूपणांना ए, बी, ई, टी इ. अक्षरांवर आधारित चिन्हे दिली व गटांची लक्षण-कोष्टके रसायनशास्त्रज्ञांच्या हाती आली. एडगर ब्राइट विल्सन यांनी १९३४ मध्ये बेंझिनाच्या ३० कंपनांचे वर्गीकरण केले. क्रिस्टोफर इंगोल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३६ मध्ये हायड्रोजनाऐवजी ड्यूटेरियम असलेली बेंझिने तयार करून त्यांच्या वर्णपटांवरून हा रेणू नियमित षट्कोनी असल्याचे दाखवून दिले. समघटक मोजून जे निर्विवाद ठरले नव्हते ते येथे रेषा मोजून ठरले. पुढे विल्सन, डेसियस व क्रॉस यांचा रेणवीय कंपनांवरील ग्रंथ (१९५५) व फ्रँक ॲल्बर्ट कॉटन यांचे पुस्तक (१९६३) यांमुळे हा विषय पदव्युत्तर वर्गांत पोहोचला. कॉटन यांनी सिद्धता शक्य तेथे बाजूस ठेवून कोष्टक कसे वापरावयाचे ते शिकविले. लॉगॅरिथमची कोष्टके वापरणाऱ्यास ती तयार करता यावी लागत नाहीत, तसेच हे आहे. या सोयीची किंमतही आहे. कोष्टकावरून ‘निषिद्ध’ असे उत्तर काढणाऱ्या विद्यार्थ्याला ते निषिद्ध का, असे विचारल्यास तो पुन्हा कोष्टकाकडेच बोट दाखवितो. पाण्याच्या रेणूवरील चार क्रियांचा गुणाकार एकदा स्वतः करून पाहणे हा त्यावरील उपाय होय.

कार्बनी रसायनशास्त्र या सर्वांपासून १९६५ पर्यंत बहुतांशी दूर होते. बी-१२ जीवनसत्त्वाच्या संश्लेषणात रॉबर्ट वुडवर्ड (१९१७–७९) यांना काही वलयनिर्मिती अभिक्रिया अपेक्षेपेक्षा वेगळ्या दिशेने जाताना आढळल्या. त्यांनी व रोआल्ड हॉफमन यांनी याचे कारण कक्षकांच्या सममितीत शोधले. चार कार्बनी ब्युटाडाइनाचे वलय बनताना दोन्ही टोके एकाच दिशेने वळली, तर अभिक्रियाभर परिभ्रमण अक्ष टिकतो. विरुद्ध दिशांनी वळली, तर परावर्तन प्रतल टिकते. आरंभीच्या व अंतिम कक्षकांची जोडणी या टिकलेल्या सममितीनुसारच होऊ शकते. यावरून उष्णतेने पहिला मार्ग व प्रकाशाने दुसरा मार्ग घडतो, असे निघते. सहा कार्बनी साखळीत हे उलट होते. ड जीवनसत्त्वाच्या प्रकाशरसायनात असा फरक नेदर्लंड्समध्ये एग्बर्ट हाव्हिंगा यांनी नोंदविला होता व त्याचे कारण कक्षकांच्या सममितीत असावे, असे ऑस्टरहॉफ यांनी १९६१ मध्ये सुचविले होते. पण व्यापक नियम वुडवर्ड व हॉफमन यांचाच. हॉफमन यांना केनिची फुकुई यांच्यासमवेत १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वुडवर्ड त्यापूर्वी दोन वर्षे निधन पावले होते.

सममितीवरून केलेल्या भाकिताची अलीकडील कसोटी म्हणजे ६० कार्बन अणूंचा फुलेरीन रेणू. क्रोटो, कर्ल व स्मॉली यांनी १९८५ मध्ये वस्तुमान वर्णपटावरून तो ओळखला व त्याला चेंडूसारखी, १२० क्रियांच्या विंशतिफलकी गटाची रचना कल्पिली. हाती पुरेसा पदार्थ नसल्याने पुरावा मात्र नव्हता. या गटानुसार १७४ कंपनांपैकी अवरक्तात केवळ चार रेषा दिसावयास हव्या होत्या. क्रेच्मर व हफमन यांच्या गटाने १९९० मध्ये काजळीतून पदार्थ वेगळा केला, तेव्हा चारच ठळक रेषा मिळाल्या. त्याच वर्षी चुंबकीय अनुस्पंदन वर्णपटात सर्व ६० कार्बनांची मिळून एकच रेषा आढळली. म्हणजे सर्व अणू समान स्थानी आहेत.

या पद्धतीला मर्यादा आहेत. एखादी राशी शून्य आहे की नाही हे ती सांगते. शून्य नसल्यास ती किती हे सांगत नाही. शून्याचाही अर्थ जपून घ्यावा लागतो. बेंझिनाचे २६० नॅनोमीटरच्या आसपासचे शोषण नियमाने निषिद्ध असूनही क्षीणपणे दिसते, कारण कंपनांमुळे षट्कोन क्षणोक्षणी विकृत होत असतो. शिवाय रेणूची आकृती स्थिर आहे हे गृहीतच कधीकधी ढासळते. अमोनियातील नायट्रोजन हायड्रोजनांच्या त्रिकोणातून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातो व त्याची कंप्रता सेकंदाला सु. २,४०० कोटी आहे. १९५४ मधील पहिला मेसर याच संक्रमणावर चालला. अशा रेणूंसाठी क्रिस्टोफर लाँगेट-हिगिन्स यांनी १९६३ मध्ये भूमितीय क्रियांऐवजी सारख्या अणूंची अदलाबदल व व्युत्क्रमण यांवर आधारलेले गट मांडले. त्यांनुसार अमोनियाच्या गटात सहाऐवजी बारा क्रिया धराव्या लागतात.